चौदा बुटांचं चाक

हेसेलमील, याग्स्टकाठ
२ जुलै

लीनहार्ट,

हे तिसरं पत्र. पहिलं परत आलं, दुसरं कुठे गेलं ते पोस्टालाच माहीत. हे त्या नोर्डलिंगनच्या सुतारमास्टरांच्या पत्त्यावर टाकते आहे, कारण तुझ्या शेवटच्या कार्डावर त्यांचं नाव होतं. बाकी कार्डभर एका करकोच्याची हकिगत होती.

तुम्हा भटक्या सुतारांचे नियम मला तोंडपाठ आहेत, पुन्हा लिहून पाठवू नकोस. तीन वर्षं आणि एक दिवस बाहेर राहायचं. घरापासून पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. खिशात फोन ठेवायचा नाही. एका जागी तीन महिन्यांपेक्षा जास्त थांबायचं नाही. ज्याने कुणी हे नियम केले त्याला बहीण नसणार.

तर ऐक. मार्चच्या पुराने चाकाचा कणा मोडला आणि जाताना निम्म्या फळ्या नेल्या. आता पाणीखात्याचं पत्र आलंय. तीस सप्टेंबरला त्यांच्या तपासनीस बाई येणार. चाक पाण्यावर फिरताना दिसलं नाही, तर गिरणीचा पाण्यावरचा हक्क संपला. मग बंधारा फोडायचा आणि माशांना वर जायला वाट करून द्यायची. माझं माशांशी काही भांडण नाही. पण बंधारा गेला की पाटात पाणी नाही, पाणी नाही की गिरणी नाही, आणि त्यानंतर मी आणि आजोबांनी काय करायचं ते मासे सांगणार नाहीत.

क्राउटहाइमहून एक सुतार बोलावला होता. आजोबांनी त्याला पाटाच्या कडेवरूनच परत पाठवला. "माझ्या चाकाला परका हात लागणार नाही. आमचा लीनहार्ट करेल." मी म्हटलं, "मग मी करते." त्यावर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चर्चच्या घंटेवर कपडे वाळत घालायला निघाले आहे. नऊ वर्षं ही गिरणी मी चालवते. जात्यांना टाके मी घालते, पट्टे मी बदलते, पीठ मी विकते. पण चाक म्हणजे चाक! तिथे बाईचा हात नको.

तुझी मुदत चौदा नोव्हेंबरला संपते. म्हणजे सहा आठवडे उशिरा. काय करायचं ते कळव. आणि करकोच्याबद्दल लिहू नकोस.

रोसविता

०

नोर्डलिंगन
१३ जुलै

ताई,

करकोच्याबद्दल लिहीत नाही. फक्त एवढंच, की पिल्लं तीन झाली.

तुझं पत्र वाचून मी पहिली गोष्ट काय केली, तर मास्टर हायनलेंच्या भिंतीवरच्या नकाशापाशी गेलो. आपल्या गिरणीवर खिळा धरला, दोरा ताणला आणि पन्नासचा गोल काढला. ताई, तुला माहीत होतं का हे? आपली याग्स्ट एकशेनव्वद किलोमीटर लांब, आणि उगमापासून नेकारला मिळेपर्यंत सगळीच्या सगळी त्या गोलाच्या आत! इतकी वळणं घेते की चालते खूप आणि जात कुठेच नाही. एल्वांगन, क्राइल्सहाइम, किर्शबेर्ग, लांगेनबुर्ग, म्योकम्यूल, सगळी गावं मला बंद. मी मास्टरांना विचारलं, "सरळ रेघेत न मोजता नदीच्या काठाकाठाने मोजलं तर? तसं एल्वांगन पन्नासच्या वर जातं." ते म्हणाले, "बेडूक असतास तर चाललं असतं."

तर येता येत नाही. आलो तर आमचे भटके भाऊबंद, धंद्याची खूण म्हणून आम्ही कानात घालतो ती बाळी ओढून काढतात, आणि मग फाटका कान घेऊन जन्मभर हिंडायचं. खरंच ओढतात की नुसतं भेडसावायला सांगतात ते माहीत नाही, पण मास्टर हायनले हे सांगताना स्वतःचा कान चाचपतात.

मग मला सुचलं. मी यायचं नाही, चाकाने यायचं! इथे ओकचं लाकूड पडलंय, चांगलं मुरलेलं, मास्टर द्यायला तयार आहेत. मी इथे सुटे भाग बनवतो, त्यांचा मेहुणा ट्रक घेऊन तिकडे जातोच, तुम्ही तिथे जोडा. मापं तेवढी पाठव. लवकर पाठव, माझे इथले तीन महिने वीस ऑगस्टला भरतात.

या गावाला गोल तटबंदी आहे. चालायला लागलं की फिरून तिथेच येतो. मी काल तीनदा आलो.

माझी बाटली आहे ना जागेवर? निघताना गावाच्या पाटीखाली पुरलेली, परतल्यावर उकरायची? आजोबांवर लक्ष ठेव.

लीनहार्ट

०

हेसेलमील
२२ जुलै

लीनहार्ट,

बावीस वर्षांत पहिल्यांदा तू काही कामाचं बोललास, म्हणून पत्र दोनदा वाचलं. आजोबांनी चारदा वाचलं. त्यांना कल्पना पटली. तसं तोंडाने म्हणाले नाहीत, पण टोपी घालून पाटाकडे गेले.

मापं वेगळ्या कागदावर आहेत. आजोबांनी सांगितली, मी लिहिली. अर्थात बुटांत, त्या फुटासारख्या जुन्या मापात. मी म्हटलं, "आजोबा, आता सगळं जग मीटरमध्ये मोजतं." तर म्हणे, "जगाने मोजावं. हे चाक माझ्या पणज्याने बुटांत केलं, ते बुटांतच राहणार." मी टेप घेऊन पाटात उतरले तर त्यांनी ती काढून घेतली. हे पत्रसुद्धा ते माझ्या खांद्यावरून वाचताहेत, म्हणून जास्त लिहीत नाही. तो कागद मात्र नीट बघ. सगळीकडून बघ. समजलं?

रस्त्याच्या लोकांनी गावाची पाटी अकरा मीटर अलीकडे सरकवली. बाटली आहे तिथेच आहे. जागा मला माहीत आहे, आजोबांना नाही.

रोसविता

(याखाली आजोबांच्या अक्षरात: चौदा बूट म्हणजे चौदा बूट. साडेतेरा नाही. — आ.)

०

आन्सबाख
६ ऑगस्ट

ताई,

रागावू नकोस, आन्सबाखला फक्त चार दिवस आलोय. झालं काय, की कण्याचं लोखंडी कडं करायला लोहार हवा होता, तो इथे आहे असं कुणीतरी सांगितलं. लोहार सुट्टीवर गेलेला. पण त्याच्या शेजारी एक म्हातारा राहतो, तो बदकांना शिट्टीवर चालायला शिकवतो. सात बदकं, एका ओळीत, रस्ता ओलांडताना थांबून दोन्हीकडे बघतात. असं काही समोर असताना माणूस निघून कसा येईल तूच सांग.

चाकाची काळजी करू नकोस. कणा झाला. चोवीस फळ्यांतल्या सोळा कापून झाल्या. बूट नक्की केवढा ते मला आठवेना, तर मास्टर हायनलेंनी त्यांच्या आजोबांची मोजकाठी माळ्यावरून काढली आणि म्हणाले, "हा घे बूट. अस्सल." आणि तुझा कागद हरवू नये म्हणून मी तो पहिल्याच दिवशी कारखान्याच्या भिंतीला चारी कोपऱ्यांवर खिळे मारून ठोकला. बघितलंस? सुधारलो मी.

लीनहार्ट

०

हेसेलमील
१२ ऑगस्ट

बदकं.

बंधारा फुटायला सात आठवडे उरले आहेत आणि माझा भाऊ बदकं बघतोय.

नोर्डलिंगनला परत जा. आज. हे पत्र तीन प्रती काढून तीन पत्त्यांवर टाकलं आहे. जिथे मिळेल तिथून उठ आणि चालायला लाग.

रो.

०

नोर्डलिंगन
२० ऑगस्ट

ताई,

तिन्ही प्रती मिळाल्या. एक मास्टरांनी मोठ्याने वाचून दाखवली, सगळ्या कारखान्यासमोर. तेव्हापासून मला इथे सगळे बदक म्हणतात.

चाक तयार आहे! काल अंगणात उभं करून जोडून बघितलं. बायको मेली तेव्हापासून मास्टर कुणाच्या कामाचं कौतुक करत नाहीत, पण त्यांनी चाकाला फेरी मारली आणि म्हणाले, "हे चालेल." म्हणजे त्यांच्या हिशेबाने भाषणच झालं. मग सगळं सुटं केलं, प्रत्येक तुकड्यावर आकडा घातला. आकड्याला आकडा लावून जोडत जा, लहान मुलालाही जमेल. ट्रक तीन सप्टेंबरला निघतो.

माझे तीन महिने आज भरले. आता निघतो. आधी व्युर्त्सबुर्ग, मग नेकारएल्त्स. तिथे नेकारच्या पुलाखाली एक खानावळ आहे, तिच्या पत्त्यावर लिही.

ताई, खरं सांगतो, इतकं चांगलं मी आजवर काही केलं नव्हतं.

लीनहार्ट

०

हेसेलमील
११ सप्टेंबर

लीनहार्ट,

चाक बसत नाही.

शांतपणे लिहायचं ठरवलं आहे, म्हणून तीन दिवस थांबले. ट्रक आला. शेजारचा ओटमार दोर धरायला आला. दोराला परका हात चालतो असं आजोबांनी ठरवलं. तुकड्याला तुकडा मी लावला. ते "जोडणं" आहे, "करणं" नाही, म्हणून माझा हात चालला. आजोबा खुर्चीवर बसून काठीने आकडे दाखवत होते. सुंदर चाक आहे. खरंच सुंदर आहे, म्हणूनच जास्त संताप येतो. ते खाली सोडलं, आणि फळ्या पाटाच्या दगडावर टेकल्या. कणा आपल्या जागेपासून अर्धी वीत वर लोंबकळतोय. ओटमार म्हणाला, "जरा मोठं झालं का?" त्याला मी घरी पाठवलं.

आजोबा उठले, चर्चच्या दाराशी गेले. तिथे दगडात ती जुनी लोखंडी पट्टी बसवलेली आहे ना, जिच्यावर लहानपणी तू खिळे सरळ करायचास? तो आपल्या हेसेलबाखचा बूट. त्यांनी काठीवर माप घेतलं, येऊन तुझ्या चाकाला लावलं. आपला बूट तुझ्या त्या अस्सल बुटापेक्षा जवळजवळ दोन सेंटीमीटर आखूड. चौदा वेळा. म्हणे पूर्वी या खोऱ्यात प्रत्येक गावाचा बूट निराळा होता; पुलाच्या या टोकाला एक, त्या टोकाला दुसरा. "हे तुम्ही आधी सांगायचं नाही?" मी ओरडले. ते म्हणाले, "त्यात सांगायचं काय? आपल्या चाकाला दुसऱ्याचा बूट कोण लावतं?"

आता तू सांग. कागदाच्या मागच्या बाजूला मी पेन्सिलीने सगळी मापं मीटरमध्ये लिहिली होती. आजोबा झोपले असताना भर दुपारी पाटात उतरून, कमरेएवढ्या चिखलात उभी राहून घेतली होती. चार मीटर, शून्य सेंटीमीटर. सगळीकडून बघ म्हणून लिहिलं होतं. बघितलंस का?

एकोणीस दिवस उरलेत. रक्ताच्या नात्यातलं कुणी मरणाला टेकलं तर घरी यायची मुभा आहे ना तुम्हाला? मी लिहायलाही घेतलं होतं: आजोबा अत्यवस्थ, ताबडतोब ये. ते मागे उभे राहून आलुबुखाराचा केक खात होते. वाचलं आणि म्हणाले, "हा तुकडा तरी संपू दे."

आणखी एक. तुझ्या पत्रांत येणारी गावं मी स्वयंपाकघरातल्या नकाशावर टाचण्या लावून ठेवते. नोर्डलिंगन, आन्सबाख, व्युर्त्सबुर्ग, आता नेकारएल्त्स. गेल्या वर्षीचं शोर्नडॉर्फ. आधी तू हांबुर्गला होतास, डेन्मार्कला होतास. वर्षभर मात्र तू खुंट्याला बांधलेल्या वासरासारखा आमच्याभोवती फिरतोयस. हे मी आजोबांना सांगितलेलं नाही. पण टाचण्या त्यांनी बघितल्या आहेत.

रोसविता

०

नेकारएल्त्स
१६ सप्टेंबर

ताई,

कागद उलटून बघितला नाही. चारी कोपऱ्यांना खिळे होते. अजून तो त्या भिंतीवर असेल, तुझ्या पेन्सिलीची बाजू भिंतीकडे तोंड करून.

आधी कामाचं लिहितो. प्रत्येक फळी टोकाकडून साडेबारा सेंटीमीटर कापायची. चाकाच्या कड्याला हात लावायचा नाही, फक्त फळ्या. ओक आहे, करवत रुसेल. तिला मेण लाव. आधी माप घेतलेली एक पट्टी कर आणि प्रत्येक फळीवर तीच ठेवून रेघ मार, दर वेळी नव्याने मोजू नकोस. समोरासमोरच्या फळ्या जोडीने काप, नाहीतर चाक एका बाजूला झुकेल आणि हाताला हिसका देईल. चोवीस फळ्या म्हणजे एका माणसाचं चार दिवसांचं काम.

आता दुसरं. टाचण्यांचं. तू म्हणतेस ते खरं आहे. डेन्मार्कला समुद्र बघितला, पण रात्री काही ऐकू यायचं नाही आणि झोप लागायची नाही. आपल्या घरी चाक असतं. इथे नेकारएल्त्सला का आलो सांगू? याग्स्ट वर फ्रीडरिशहालपाशी नेकारला मिळते, ते गोलाच्या आत. हे गाव गोलाच्या बाहेर, जेमतेम दोन-तीन किलोमीटरने. म्हणजे आपल्या नदीचं पाणी मला कायद्याने जिथे भेटतं अशी ही पहिली जागा. नाव तोवर बदललेलं असतं. मी रोज संध्याकाळी बूट काढून पाय घालून बसतो. खानावळवाल्या बाई म्हणतात, "तुला पायाचं दुखणं आहे का रे?"

ताई, तू फक्त हो म्हण. मी येतो. इथून चालत दोन दिवस. बाळी स्वतःच काढून ठेवीन, कुणाला ओढायची गरज नाही. दोन वर्षं दहा महिने गेले तर गेले. गिरणी गेली तर ती परत येणार नाही. आणि चूक माझी आहे.

पिशवी बांधून ठेवली आहे. उत्तराची वाट बघतो.

लीनहार्ट

०

हेसेलमील
१९ सप्टेंबर

येऊ नकोस.

शाळा तू अर्धी सोडलीस. बेकरी तीन आठवड्यांत सोडलीस. व्हायोलिन सोडलंस, तेही दुसऱ्याचं. तुझे ते नियम मला अजूनही मूर्खपणाचे वाटतात, पण आयुष्यात धरलेली ही एकच गोष्ट तू अजून सोडलेली नाहीस. माझ्या चाकासाठी सोडलीस तर मी तुला घरात घेणार नाही.

माझं चाक असं चुकून लिहिलं. खोडत नाही.

सकाळी करवतीला मेण लावलं. आजोबा दारात आले, म्हणाले, "काय करतेस?" मी म्हटलं, "तुम्हाला दिसतंय ते." ते गेले. पाचव्या फळीला परत आले, खुर्ची घेऊन. सातव्याला म्हणाले, "करवत दाबू नकोस, तिला जाऊ दे." म्हणून आठवी सरळ कापली गेली.

पिशवी सोड. पाय पाण्यातून काढ, सर्दी होईल.

रो.

०

हेसेलमील
१ ऑक्टोबर

लीनहार्ट,

काल दहा वाजता यायच्या त्या पाणीखात्याच्या बाई साडेनऊलाच आल्या. बारीक चणीच्या, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. मी अजून कण्याला चरबी लावत होते, कोपरापर्यंत काळी. त्या म्हणाल्या, "गिरणीवाले कुठे आहेत?" मी आजोबांकडे बघितलं, कारण आजवर या प्रश्नाला मी तेच करत आले आहे. आजोबांनी काठी उचलली आणि माझ्याकडे रोखली.

मी पाटाच्या तोंडाचा दरवाजा उचलला. पाणी पाटात आलं, फळ्यांना लागलं आणि चाक हललं नाही. लीनहार्ट, मी त्या क्षणी तुला, मास्टर हायनलेंना, त्यांच्या आजोबांना आणि आन्सबाखच्या सगळ्या बदकांना मनातल्या मनात जे म्हटलं ते लिहिता येत नाही. आजोबा ओरडले, "थांब, त्याला पाणी पिऊ दे!" मग चाक कुरकुरलं. एक फळी गेली, दुसरी गेली, आणि फिरायला लागलं.

पण दर फेरीला एकदा 'धप'. एक फळी मी अंगठाभर लांब ठेवली आहे. कुठली ते कळलं, अकरावी. त्या दिवशी ओटमार गप्पा मारायला आला होता. ती तळाच्या दगडाला घासून जाते. बाई कान देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "हा आवाज कसला?" आजोबा म्हणाले, "आमच्या चाकाचा." बाईंनी वहीत लिहिलं: चाक पाण्यावर फिरते. आणि वही मिटली. चाक सुरेल फिरलं पाहिजे असं कायद्यात नाही.

बंधारा राहिला. माशांसाठी बाजूने एक पायऱ्यांची वाट करायची ठरली आहे, ती मीच सुचवली.

आता कबूल करायच्या दोन गोष्टी.

पहिली. चाक फिरल्यावर घरात प्यायला काही निघेना. तेव्हा मी फावडं घेऊन गेले आणि तुझी बाटली उकरून आणली. तिघांनी मिळून संपवली. बाईंनी वही मिटून झाल्यावरच पेला उचलला. दुसरी बाटली तुझ्यासाठी पुरून ठेवली आहे, नव्या पाटीखाली. अकरा मीटर अलीकडे खण. जुन्या जागी खणत बसलास तर मी खिडकीतून बघत राहीन, सांगणार नाही.

दुसरी. कण्यावर जिथे चाक करणाऱ्यांची नावं कोरतात तिथे आजोबांनी तुझ्यासाठी जागा ठेवली होती. काल जेवणानंतर ते पटाशी घेऊन बसले. मला वाटलं तुझं नाव कोरताहेत. चहा घेऊन गेले तर 'रोसविता' असं पूर्ण नाव, सगळी अक्षरं, थोडी तिरकी. मी म्हटलं, "चाक तर लीनहार्टने केलं." म्हणाले, "त्याने नोर्डलिंगनचं चाक केलं. इथलं तू केलंस." तुझं नाव खाली कोरायला जागा आहे. खाली.

चौदा नोव्हेंबर उलटला की ये. दोन्ही कान शाबूत घेऊन ये. वाटेत बदकं, करकोचे, म्हातारे भेटले तर नमस्कार करून पुढे चाल. वरच्या वळणावर आलास की तुला ऐकू येईल: खळ, खळ, खळ, आणि मग एक धप. ती अकरावी फळी. तुला ती बघताक्षणी सरळ करावीशी वाटेल, मला माहीत आहे.

करायची नाही. आणि चाकाला हात लावायच्या आधी मला विचारायचं.

रोसविता